समुद्राकाठी भाड्याचं घर: पुण्याहून गाडीनं दक्षिण गोव्याला, सहकुटुंब

आमच्या सासूबाईंना पहाटे साडेपाचला चहा लागतो आणि हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होतो. धाकट्याला रात्री दहाला भूक लागते, तेव्हा हॉटेलचं स्वयंपाकघर आवरत आलेलं असतं. पाच माणसांचे ओले कपडे दोन खोल्यांमधल्या खुर्च्यांवर वाळत पडतात. दोनदा असं झाल्यावर आम्ही गोव्यात फ्लॅट भाड्यानं घ्यायला लागलो. दोन बेडरूम, एक हॉल, ओटा, फ्रिज, बाल्कनीत दोरी आणि चालत जाता येईल इतक्या जवळ समुद्र. गाडी आपलीच असते, त्यामुळे कुकरपासून पोरांच्या वाळूच्या बादल्यांपर्यंत सगळं बरोबर नेता येतं.

पहिल्यांदा असा बेत आखणाऱ्यांसाठी, बुकिंगपासून परतीपर्यंत जे करायचं ते क्रमानं लिहिते आहे. उदाहरण पुणे ते दक्षिण गोव्यातल्या बाणावलीचं घेतलं आहे, कारण तो रस्ता आणि तो किनारा मला चांगला माहीत आहे. मुंबईकरांचा रस्ता वेगळा, पण घर घेण्याचे आणि तिथे राहण्याचे नियम तेच.

कधी जायचं आणि किती दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा. भाडं कित्येक पटींनी चढतं आणि रस्त्यावर गाडी हलत नाही. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरं, पण ऊन फार असतं आणि महिना सरत येतो तसा समुद्र खवळायला लागतो. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नसतं. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे ताज्या मासळीच्या आशेनं जाणाऱ्यांनीही तो काळ सोडावा. हिरवागार गोवा आणि नुसता पाऊस बघायचा असेल तर मात्र खुशाल जा.

किमान चार रात्री फ्लॅटवर मिळाल्या पाहिजेत. जाण्यायेण्याचे दिवस त्यात धरू नका. दोन रात्रींसाठी घर मांडायचं आणि मोडायचं, यात घरातल्या बाईची सुट्टी होतच नाही. तितकेच दिवस हातात असतील तर सरळ हॉटेल घ्या, किंवा दापोली-गुहागरला जा. अंतर साधारण निम्मंच पडेल.

घर निवडताना

दक्षिण गोव्यात वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर सलग वाळू आहे. माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी ही सगळी गावं त्याच पट्ट्यावर येतात. परशुरामाचा बाण जिथे पडला ती बाणावली, ही कथा पोरांना गाडीत सांगायला चांगली आहे. उत्तरेला कळंगुट-बागाकडे गजबज जास्त. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून दक्षिणेला जायला सांगेन.

फोटो बघून घर ठरवू नका. फोटोत लाद्या चकचकीत दिसतात आणि समुद्र बाल्कनीला टेकलेला वाटतो. आमच्या पहिल्या वेळी जाहिरातीत ‘बीच पाच मिनिटांवर’ असं लिहिलं होतं. तिथे पोचल्यावर कळलं की ती पाच मिनिटं गाडीची होती. वर लिफ्ट बंद, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्या चार दिवसांत त्या दिवसातून एकदाच खाली उतरल्या. तेव्हापासून मी मालकाला फोन करते आणि ठरलेले प्रश्न एकेक करून विचारते:

घराचं नेमकं लोकेशन पाठवाल का? (मिळालं की नकाशावर चालत जायचा रस्ता लावून अंतर स्वतः मोजा. शेतातून किंवा कुणाच्या खाजगी जागेतून रस्ता दाखवत असेल तर लांबचा धरा.) मजला कितवा, लिफ्ट चालू आहे का, वीज गेली तर लिफ्टला जनरेटर आहे का? एसी कुठल्या खोल्यांत आहे, आणि विजेचं बिल भाड्यातच की मीटरप्रमाणे वेगळं? गॅसचा सिलिंडर भरलेला असेल ना, संपला तर कोण बदलणार? पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळी? गाडी फाटकाच्या आत लागते का? शेजारी बांधकाम चालू आहे का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सकाळी सातला कटरचा आवाज सुरू झाला की मग आठवतो.

हे सगळं झालं की व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. खरा मालक किंवा केअरटेकर पाच मिनिटांत दाखवतो. ‘सध्या पाहुणे आहेत’ हे उत्तर एकदा ठीक, दोनदा आलं तर दुसरं घर शोधा. तेच फोटो वेगळ्या नावांनी दोन-तीन ठिकाणी टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार होतात, म्हणून जाहिरातीतला फोटो इंटरनेटच्या शोधात टाकून तो आणखी कुठे दिसतो का ते बघा आणि अनोळखी खात्यात पूर्ण भाडं आधी भरू नका. गोव्यात पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागितल्यावर समोरचा बिनदिक्कत देतो का, यावरूनही बरंच कळतं.

चेक-इन आणि चेक-आउटची वेळ लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी दुपारी एक-दोनला घर ताब्यात मिळतं आणि सकाळी दहा-अकराला सोडावं लागतं. प्रवासाचं सगळं गणित या दोन वेळांवर बेतायचं आहे.

गाडी आणि कागदपत्रं

सर्व्हिसिंग निघण्याच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. काही कुरकुर राहिली असेल तर ती शहरात फिरताना कळते. ब्रेक, कूलंट, वायपर आणि टायर, या चार गोष्टी मेकॅनिकला नाव घेऊन दाखवा. हवा टायर थंड असताना भरा, आणि स्टेपनीतही भरा. जॅक आणि पाना सामानाच्या तळाशी दडपू नका.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, पण पीयूसीची तारीख निघण्याआधी बघून घ्या. तीच विसरली जाते. घर देताना मालक मोठ्या माणसांची ओळखपत्रं मागतो, त्यांचे फोटो फोनमध्ये तयार ठेवा. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे असू द्या. पुणे ते कोल्हापूर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात आणि कागलपुढे कर्नाटकात शिरल्यावर कोगनोळीचा. वर्षातून अनेकदा महामार्गानं जाणाऱ्यांनी ऑगस्ट २०२५पासून सुरू झालेल्या वार्षिक पासचा हिशोब करून बघावा. सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता. खाजगी गाडीला एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते.

सामान: स्वयंपाकघराची एक पेटी

भाड्याच्या फ्लॅटमध्ये शेगडी, फ्रिज, ताटं-वाट्या आणि एखादी कढई असते. जे नसतं ते नेहमी तेच असतं. सुरीला धार नसते. चहाची गाळणी नसते. सांडशी, पोळपाट-लाटणं आणि कुकर नसतात, आणि कुकर असला तर शिट्टी नसते. म्हणून एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत मी हे भरते: तीन लिटरचा कुकर, धारदार सुरी, गाळणी, सांडशी, लायटर, मिसळणाचा डबा, चहा-साखर, पोहे, तांदूळ आणि मूगडाळ खिचडीपुरती, तूप, मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी, भांडी घासायचा चोथा आणि दोन फडकी. पेटी डिकीत सगळ्यात शेवटी ठेवायची, म्हणजे पोचल्यावर सगळ्यात आधी हाताशी येते आणि दहा मिनिटांत चहा होतो.

बाकी सामानात कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे, एक्स्टेंशन बोर्ड, डासांचं मलम, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या आणि वाळूवर अंथरायला जुनी चादर एवढं हवंच. औषधांत सगळ्यांची नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, चिकटपट्ट्या आणि थर्मामीटरही असू द्या. पोहण्याच्या तलावात बहुतेक संकुलांत सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, तेव्हा सगळ्यांचे नायलॉनचे पोहण्याचे कपडे पुण्यातूनच घ्या. किनाऱ्यावरच्या दुकानात ते महाग पडतात आणि आजीच्या मापाचे मिळत नाहीत.

रस्ता

पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि मग पत्रादेवीला गोव्याची हद्द. तिथून म्हापसा, पणजी आणि झुआरी ओलांडून मडगाव-बाणावली. एकूण पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर पडतात. घाटांची दुरुस्ती सतत कुठे ना कुठे चालू असते. गगनबावड्याकडचा करूळ घाट कामासाठी कित्येक महिने बंद होता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ठरवलेला घाट चालू असल्याची खात्री करा, आणि फोंडा किंवा चोर्ला असा एखादा पर्यायी घाट डोक्यात ठेवा.

पुष्कळ जण रात्री दहाला निघतात आणि पहाटे सहाला गोव्यात पोचतात. कुटुंब बरोबर असताना असं करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात चालवणाऱ्याचा डोळा लागतो, मग चहा कितीही प्या. महामार्गावर दिवे बंद करून उभे असलेले ट्रक अंधारात दिसत नाहीत. आणि एवढं करून सहाला पोचलात तरी घर दोनला मिळणार असतं. झोपमोड झालेली मुलं आणि अवघडलेली म्हातारी माणसं घेऊन आठ तास गाडीत बसायची वेळ येते.

आम्ही प्रवास दोन दिवसांत करतो आणि मुक्काम सावंतवाडीला ठेवतो. पहिल्या दिवशी साडेपाचला घर सोडायचं. सुट्टीच्या शनिवारी सहानंतर निघालात तर खंबाटकीलाच तास जातो. साताऱ्याच्या पुढे नाश्ता, अकरा-साडेअकराला कोल्हापूर, तिथे जेवण. तांबडा-पांढरा रस्सा पुढच्या घाटाला सोसत नाही, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी वरण-भातावर भागवावं आणि रस्सा परतीच्या वाटेवर ओरपावा. निपाणीला महामार्ग सोडून आजऱ्याचा रस्ता धरला की ट्रकांची गर्दी मागे पडते. पुढे ऊस, काजू आणि मग दाट झाडी.

आंबोलीचा घाट उतरायचा आहे, म्हणून याबद्दल जरा सविस्तर. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा, फार तर तिसरा. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ऐन वळणावर ते धरेनासे होतात. असा वास आलाच तर मोकळ्या जागी थांबून गाडी पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. ऑटोमॅटिक गाडीलाही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती कशी लावायची हे पुण्यातच शिकून घ्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा. धुकं असेल तर लाइट खालचा ठेवा, वरच्या लाइटनं समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. माकडांना काही घालू नका.

गाडी लागणाऱ्या मुलांना घाटाआधी अर्धपोटी ठेवा, रिकाम्या पोटी नको. काच थोडी खाली, नजर समोर रस्त्याकडे आणि फोन बंद. आमच्याकडे आलेपाकाची वडी कामाला येते. तरीही त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, आणि ते घाटाच्या आधी अर्धा-पाऊण तास द्या. घाटात दिलेलं औषध घाटातच बाहेर येतं.

सावंतवाडीला पाच-साडेपाचला पोचलो की मोती तलावाच्या काठानं पाय मोकळे करायचे आणि मुलांना चितार आळीत न्यायचं. लाकडी फळं, भातुकली, भोवरे, बैलगाड्या यांची दुकानं रांगेनं आहेत. तिथे घेतलेला लाकडी खेळण्यांचा एक संच फ्लॅटवर दुपारचे तीन-चार तास सहज सांभाळतो.

दुसऱ्या दिवशी नऊ-साडेनऊला आरामात निघा. जुना झुआरी पूल म्हणजे पूर्वी तासाभराची कोंडी. २०२२च्या डिसेंबरपासून नवा पूल टप्प्याटप्प्यानं खुला झाला आणि तो त्रास गेला. मडगावला दूध, भाजी, अंडी, पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन घेऊन दोनच्या सुमाराला घरात.

घर ताब्यात घेतल्यावर पहिला अर्धा तास

सामान वर नेण्याआधी एकानं फोनवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढावा. भिंतीवरचे डाग, तडकलेली लादी, हलणारं नळाचं तोंड आणि बंद दिवे दाखवत सावकाश फिरवायचा, आणि लगेच मालकाला पाठवायचा. अनामत रकमेवरून होणारे वाद यानं जागच्या जागी थांबतात. मग गॅस पेटवून बघा, गीझर लावा, प्रत्येक एसी सुरू करा, संडासातलं पाणी सोडून बघा. काही बिघडलं असेल तर दिवसाउजेडी केअरटेकर येतो. रात्री दहाला फोन लागत नाही.

मुलं लहान असतील तर बाल्कनीचा कठडा हलवून बघा आणि त्याच्याजवळच्या खुर्च्या-टेबलं आत घ्या. संकुलातल्या तलावाबद्दलही तेव्हाच घरात नियम सांगून टाका: मोठं माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात पाय नाही. मला समुद्रापेक्षा या तलावाची भीती जास्त वाटते. समुद्रावर दिवसभर जीवरक्षक असतात, इथे बहुधा कुणीच नसतं, आणि ‘खालीच तर आहेत’ म्हणून आपण निर्धास्त होतो.

समुद्राची वेळ

समुद्र केव्हाही सारखाच नसतो, आणि हे समजलं की चारही दिवस वेगळे दिसायला लागतात. भरती-ओहोटीच्या मध्ये सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं तिथीवरून वेळ काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पाण्यात उतरण्यासाठी फोनवरचं वेळापत्रकच बघा. पण कालनिर्णय हातात धरून आजीनं नातवंडांना हा हिशोब शिकवावा, त्यात फार मजा आहे.

याचा उपयोग असा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी मिळते. किनारा रुंद, वाळू ओली आणि टणक, म्हाताऱ्या माणसांनाही चालायला सोपी. शिंपले, खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगोळ्या, हे सगळं तेव्हा दिसतं. अष्टमीला नेमक्या त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं.

आता धोक्याचं. लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यातच उतरायचं, लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही आणि अंधार पडल्यावर कुठेच नाही. लाटांनी आणलेलं पाणी कुठून तरी परत जातं, आणि ते एखाद्या अरुंद पट्टीतून जोरानं आत ओढून नेतं. फसवं असं की नेमक्या त्या पट्टीत लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत, जरा गढूळ पाणी दिसतं, आणि नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमछाक होते. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्टीच्या बाहेर या. बुडणाऱ्याच्या मागे घरच्यांनी एकामागून एक उड्या घेऊ नयेत, जीवरक्षकाला ओरडून बोलवावं.

जेलीफिश लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुऊन जीवरक्षकाकडे जा. गाडी वाळूवर न्यायला बंदी आहे. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायलाही बंदी आहे आणि दंड होतो.

स्वयंपाक कुणी करायचा

हा या सगळ्या बेतातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो निघण्याआधी सगळ्यांनी बसून सोडवायचा. ओटा आहे म्हटल्यावर घरातली बाई आपोआप त्याच्यापुढे उभी राहते, आणि चार दिवसांनी तिला समुद्र फक्त खिडकीतून दिसलेला असतो. पहिल्या वर्षी माझं तेच झालं. आता आमचा नियम ठरलेला आहे: दुपारचं जेवण बाहेर, रात्री घरी एकच पदार्थ, आणि तो नवरा आणि थोरला मुलगा करतात. खिचडी-तूप-मेतकूट किंवा अंडा करी-पाव. भांडी ज्याची त्यानं घासायची.

नाश्त्याला तर गोव्यात काही करावंच लागत नाही. सकाळी साडेसहाच्या सुमाराला खालून ‘पों पों’ असा रबरी भोंग्याचा आवाज येतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर मोठी वेताची टोपली बांधून आलेला असतो, वरचं निळं प्लॅस्टिक बाजूला केलं की गरम वाफ येते. चौकोनी पाव, कडक पाठीचा उंडो आणि कोंड्याची पोकळ पोई. पोई त्याच दिवशी खायची, दुसऱ्या दिवशी चिवट होते. सुटे पैसे आदल्या रात्रीच दाराशी ठेवा, तो दोन मिनिटंच थांबतो. बरोबर लोणी किंवा गावातल्या छोट्या हॉटेलातली पातळ भाजी. शाकाहारी मंडळींनी गोव्यात उपाशी राहू असं अजिबात समजू नये. भाजी-पाव, बन्स, मुगागाठी, खतखतं हे सगळं गावातल्या साध्या हॉटेलांत विचारलं तर मिळतं.

मासळी एकदा तरी बाजारातून आणा. सकाळी आठच्या आत जा. बांगडा घ्यायचा तर डोळा भरलेला आणि चकचकीत हवा, कल्ला उचलून बघितला की आत लालभडक रंग हवा, तपकिरी झाला असेल तर पुढे चला. बोटानं दाबलं की खड्डा राहता कामा नये. सुरमईला तिथे इसवण म्हणतात. साफ करून, तुकडे करून मागा. भाड्याच्या घरात खवले काढत बसलं की बेसिन तुंबतं आणि वास दोन दिवस जात नाही. तळताना खिडक्या उघड्या ठेवा आणि मासळीचा कचरा त्याच दिवशी खाली न्या, ओला-सुका वेगळा करून.

गावात बोलताना मराठी बहुतेकांना कळते, तरी निघताना ‘देव बरें करूं’ (कोकणीतलं धन्यवाद) म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठी तेवढं जरूर शिका. रात्री दहानंतर बाल्कनीत मोठ्यानं गप्पा आणि गाणी नकोत. शेजारी वर्षभर राहणारी माणसं असतात.

फिरणं

एकच दिवस. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा आणि कवळ्याची शांतादुर्गा ही तिन्ही देवळं गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जवळजवळ आहेत. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला परत. अंगभर कपडे घाला, आखूड चड्डीवर आत सोडत नाहीत. आणखी एखादी संध्याकाळ मडगावच्या बाजारासाठी ठेवा. बाकीचे दिवस समुद्राला द्या. रोज नवं ठिकाण उरकायचं असेल तर समुद्राकाठी घर घेतल्याचा काय उपयोग?

परत निघताना

आदल्या रात्रीच मालकाशी बोलून अनामत रकमेचं ठरवा आणि घर सोडतानाचा व्हिडिओ काढा. फ्रिज रिकामा, सिलिंडर बंद, कचरा खाली, बेडखाली आणि बाथरूमच्या दारामागे एक नजर. चार्जर आणि सासूबाईंची कवळीची डबी याच दोन जागी सापडतात. अकरापर्यंत घर आपलं असलं तरी सहाला निघा, म्हणजे आंबोली उजेडात चढता येते आणि रात्री आठच्या आत पुणं दिसतं. परतीला एका दिवसात येणं जमतं, कारण घरी पोचल्यावर झोपायचंच असतं. दोघं चालवणारे नसतील तर मात्र कोल्हापूरला मुक्काम करा.

पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, हद्दीआधी पेडण्याला टाकी भरून घ्या. परवान्याशिवाय गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात. ‘एकच बाटली आहे’ हे कुणी ऐकून घेत नाही, आणि मुलाबाळांसमोर सगळं सामान रस्त्यावर काढलेलं मी पाहिलं आहे. काजू, कोकम आणि बेबिंका, दोदोल या गोव्याच्या मिठाया घ्या. सुकी मासळी घ्यायचीच असेल तर हवाबंद डब्यात भरून वर दोन पिशव्या, नाहीतर गाडी महिनाभर वास मारते.

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी धुवायला द्या आणि खालूनही पाण्याचा मारा करायला सांगा. खाऱ्या हवेनं चाकांच्या आतल्या बाजूला आणि सायलेन्सरला गंज धरायला लागतो. पायाखालचे गालिचे बाहेर काढून झटका, आणि मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. आमच्या गाडीत मागच्या वर्षीचे शिंपले तिथेच सापडले.